एअर फ्रायर, कुकरचा व्हॉल्व्ह आणि ट्रेव्हिथिकचं शिसं

मंडळी, या वीकांताचा विषय स्वयंपाकघरातून निघून १८०३ सालच्या इंग्लंडात जाणार आहे. कुरकुरीत भेंडीची पाककृती शोधत कोणी इथवर पोचलं असेल तर आधीच सांगून ठेवतो, भेंडी मिळणार नाही. :)

झालं असं, की गेल्या आठवड्यात आमचा एअर फ्रायर ठप्प झाला. ठप्प म्हणजे पार ठप्प. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, पडद्यावर आकडा नाही. "गेला रे तुझा डबा," आईने जाहीर केलं. (आमच्याकडे पहिल्या दिवसापासून त्याला डबाच म्हणतात.) सेवा केंद्राला फोन केला. वॉरंटी संपलेली, आत काय बिघडलंय ते बघायची पद्धत नाही, जुना देऊन नवा घ्या, थोडी सूट मिळेल. आता ज्याचा अख्खा आठवडा दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधण्यात जातो, त्याला "आत बघायची पद्धत नाही" असं सांगितलं की त्याचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो.

शनिवारी सकाळी प्लग काढला, डबा गार असल्याची खात्री केली आणि उघडला. (विजेच्या कामाची सवय नसेल तर हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही सर्किटवरच्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते.)

आत बघितल्यावर जरा निराशाच होते. एवढे पैसे आपण कशाचे दिले असं वाटतं. वर एक मोटर. तिच्या दांड्यावर खालच्या बाजूला गरम हवा फिरवणारा पंखा, वरच्या बाजूला मोटरलाच गार ठेवणारा दुसरा छोटा पंखा. खालच्या पंख्याजवळ निक्रोमची कॉइल. शेजारी तापमान मोजणारा सेन्सर, कंट्रोलचं सर्किट, ड्रॉवर नीट आत बसलाय की नाही ते सांगणारा चिमुकला मायक्रोस्विच. आणि एका वायरीत मधेच, पांढऱ्या काचधाग्याच्या नळीत लपवलेली, शेंगदाण्याएवढी एक वस्तू. आजच्या लेखाची नायिका ती.

मल्टीमीटर बीपवर ठेवला आणि एका टोकापासून सुरुवात केली. वायर, बीप. मायक्रोस्विच दाबला, बीप. कॉइलचा रोध ३५ ओहमच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला १५०० वॅट, बरोबर. मग नळीतल्या वस्तूच्या दोन्ही टोकांना मीटर लावला...

शांतता.

थर्मल फ्यूज उडालेला. आपल्या ओळखीचा फ्यूज प्रवाह जास्त झाला की उडतो. या फ्यूजचं लक्ष प्रवाहाकडे नसतं, भोवतालच्या तापमानाकडे असतं. आत मेणासारख्या एका सेंद्रिय पदार्थाची गोळी असते. ती घट्ट आहे तोवर एक स्प्रिंग दाबलेली राहते आणि त्या दाबाने आतले संपर्क जुळलेले राहतात. ठरलेल्या तापमानाला गोळी वितळते, स्प्रिंग सुटते, संपर्क तुटतो. कायमचा. गार झाल्यावर गोळी पुन्हा घट्ट होईलही, पण स्प्रिंग परत मागे जात नाही. थर्मोस्टॅट कसा, तापलं की बंद आणि निवलं की चालू, दिवसभर टकटक करत बसतो. हा तसला नाही. हा आयुष्यात एकदाच काम करतो आणि ते करताना मरतो.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे असा फ्यूज मागायला गेलो. त्याने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "साहेब, हा कुठे शोधत बसता? डायरेक्ट करून देतो. पाच मिनिटांचं काम."

डायरेक्ट! या शब्दावर खरं तर कोणीतरी पीएचडी करायला हवी. डायरेक्ट करणे म्हणजे मधला सुरक्षेचा भाग काढून टाकून दोन वायरी एकमेकींना जोडणे. ज्यांचं लहानपण किटकॅट फ्यूजच्या घरात गेलंय त्यांना आठवत असेल, फ्यूज सारखा जायला लागला की बारीक तारेऐवजी तांब्याची चांगली जाड तार गुंडाळून देणारे एक काका प्रत्येक वाड्यात असत. त्यानंतर फ्यूज जात नसे हे खरं. (वायरिंग जात असे.) आमच्या धंद्यात रिकामा कॅच ब्लॉक लिहितात, तोच हा प्रकार. एरर दिसायची थांबते.

त्या दुरुस्तीवाल्याला मी दोष देत नाही. कंपन्या त्याला सुटे भाग देत नाहीत, गिऱ्हाईकाला वस्तू आजच्या आज हवी असते, आणि "फ्यूज का उडाला ते शोधायचे दोनशे रुपये होतील" म्हटलं तर गिऱ्हाईक उठून पलीकडच्या दुकानात जातं. पण "डायरेक्ट"चा इतिहास आपल्या कोपऱ्यापेक्षा बराच जुना आहे आणि त्यात माणसं मेलेली आहेत. म्हणून हा लेख.

सुरुवात कुकरपासून करू. होय, कुकरपासूनच. देनी पापँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलबरोबर काम करत होता. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीला घट्ट झाकणाचं एक जाडजूड भांडं दाखवलं. त्यात वाफ कोंडली की हाडंसुद्धा मऊ होत. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण मिळालं आणि जॉन इव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याचं कौतुक लिहून ठेवलं. भांडं फुटू नये म्हणून पापँने झाकणाच्या भोकावर एक झडप बसवली आणि ती तरफेला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. वाफेचा जोर वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाते, वाफ सुटते, जोर कमी झाला की झडप पुन्हा खाली. आपल्या कुकरची शिट्टी हे त्याच कल्पनेचं बाळ.

ही कल्पना उत्तमच आहे, फक्त एक गोम आहे. झडप माणसाच्या हाताशी असते. वजन वाढवता येतं. झडप बांधून ठेवता येते.

आता सव्वाशे वर्षं पुढे, कॉर्नवॉलमध्ये. रिचर्ड ट्रेव्हिथिक हा तिथल्या खाणींच्या मुलखात वाढलेला, धिप्पाड, थोडा आडदांड इंजिनिअर. जेम्स वॉटची इंजिनं हवेच्या दाबाच्या जेमतेम वर असलेल्या वाफेवर चालत आणि आकाराने घराएवढी असत. दाब वाढवला तर इंजिन लहान होईल, इतकं लहान की चाकांवर घालता येईल, हे ट्रेव्हिथिकने ओळखलं. वॉटचा जास्त दाबाला कडाडून विरोध होता. त्यात थोडा धंदा होता, पण भीतीही खोटी नव्हती.

१८०१ च्या डिसेंबरमध्ये ट्रेव्हिथिकने कॅम्बोर्नच्या चढावर वाफेची गाडी चालवून दाखवली, माणसांसकट. पुढच्या काही दिवसांतच ती वाटेत बिघडली. मंडळींनी ती एका छपराखाली लावली आणि शेजारच्या खानावळीत जाऊन यथेच्छ खाल्लं-प्यायलं. बॉयलरखालची आग तशीच. पाणी आटलं, लोखंड लालभडक झालं, आणि गाडी छपरासकट जळाली. यात कोणी मेलं नाही म्हणून हा किस्सा आजही हसत हसत सांगतात.

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीनिचला एका गिरणीच्या पायाचं काम चालू होतं आणि पाणी उपसायला ट्रेव्हिथिकचं इंजिन लावलं होतं. इंजिन एका पोराच्या ताब्यात होतं. तो पोरगा पायाच्या खड्ड्यात वाम मासे पकडायला गेला आणि जाताना इंजिन एका मजुरावर सोपवून गेला. मजुराला दिसलं की इंजिन नेहमीपेक्षा जोरात पळतंय. त्याने ते थांबवलं. पण वाफेची झडप एका पान्याने दाबून अडकवलेली होती, तो पाना काढायचा असतो हे त्याला कोण सांगणार? इंजिन थांबलं, म्हणजे वाफ वापरली जायची थांबली. आग चालूच. थोड्या वेळाने ओतीव लोखंडाचा तो बॉयलर फुटला. तीन माणसं जागीच गेली, चौथा नंतर जखमांनी गेला. हा सगळा तपशील खुद्द ट्रेव्हिथिकने मित्राला लिहिलेल्या पत्रातून आपल्याला मिळतो. आजच्या भाषेत बोलायचं तर तो एक पोस्टमॉर्टेम रिपोर्टच आहे.

त्या पान्याकडे पुन्हा बघा. कोणीतरी कधीतरी झडप डायरेक्ट करून ठेवली होती.

बोल्टन आणि वॉटच्या गोटाने हा स्फोट ट्रेव्हिथिकविरुद्ध वापरला, निदान ट्रेव्हिथिकचं स्वतःचं मत तरी तसंच होतं. त्याने काय केलं ते मला फार आवडतं. "माणसांना नीट शिकवा" एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने एकाऐवजी दोन झडपा ठेवायचं ठरवलं, दाब दाखवणारी पाऱ्याची नळी लावायचं ठरवलं आणि बॉयलरमध्ये एक भोक पाडून ते शिशाने बुजवलं.

यातली युक्ती अशी. भोक आगीच्या बरोबर वर, पण पाण्याच्या नेहमीच्या पातळीखाली. शिसं ३२७ अंशांना वितळतं. वरून पाणी आहे तोवर पाणी उष्णता शोषून घेतं आणि शिसं तेवढं तापतच नाही, खाली कितीही आग असो. पाणी आटून भोक उघडं पडलं की शिसं वितळतं, वाफ जोरात आगीवर सुटते, मोठा आवाज होतो, दाब उतरू लागतो. खानावळीत बसलेल्यांनाही कळतं. :) इथे पाना अडकवायला काही जागाच नाही. हलणारा भागच नाही.

आणि त्याने याचं पेटंट घेतलं नाही. सगळ्यांना सांगून टाकलं. जास्त दाबाचं इंजिन सुरक्षित असू शकतं हे पटवायचं असेल तर ही गोष्ट सगळ्यांकडे असलेलीच बरी, हा त्यातला हिशेब.

पुढे हा प्लग जगभरच्या बॉयलरमध्ये गेला. आपल्याकडच्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांतही तो असे. १८७४ साली न्यू हेवनमधल्या हेन्री पार्मली या पियानो कारखानदाराने आपला कारखाना वाचवायला पाण्याचे स्प्रिंकलर बनवले, त्यांची तोंडंही सहज वितळणाऱ्या डाखाने बंद केलेली. आग लागली की डाख वितळतो आणि पाणी सुटतं. आणि आपल्या कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तोही ट्रेव्हिथिकचाच. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकरमध्ये पाणी आहे तोवर तापमान १२० अंशांच्या आसपासच राहतं. पाणी आटलं की ते भसाभस चढतं, धातू वितळतो आणि फस्स होऊन वाफ जाते. म्हणजे एकाच झाकणावर शेजारी शेजारी पापँ आणि ट्रेव्हिथिक बसलेले असतात. आपण रोज त्यांच्याखाली वरण-भात लावतो.

गंमत बघा. कुकरचा व्हॉल्व्ह गेला तर भांड्यांच्या दुकानातून नवा आणायचा आणि तो गेला कशाने तेही बघायचं, पाणी कमी पडलं की शिट्टीत काही अडकलं, हे आईला कोणी शिकवावं लागत नाही. "कशाला नवा, कणकेची गोळी लावून चालवा" असं कोणी म्हणालं तर ती त्याला घराबाहेर काढेल. तीच गोष्ट विजेच्या वस्तूत आली की मात्र आपण सगळे बिनधास्त "करा डायरेक्ट" म्हणून मोकळे होतो. मला वाटतं याचं कारण इतकंच, की कुकर फुटलेला आपण ऐकलेला, काहींनी पाहिलेलाही असतो. वायरीवरचं आवरण आतल्या आत वितळताना कोणाला दिसत नाही.

आता एअर फ्रायरमध्ये पाणी कुठून आलं? तिथे पाण्याचं काम हवा करते. कॉइलची उष्णता पंखा सतत वाहून नेतो, म्हणून कॉइलभोवतीचा पत्रा आणि प्लॅस्टिक शाबूत राहतं. पंखा थांबला की तो कोरडा पडलेला बॉयलर. तापमान मोजणारा सेन्सर बसलेला असतो हवेच्या वाटेवर. हवाच तिकडे पोचली नाही तर त्याला काय डोंबल कळणार? तो बापडा "अजून गरम नाही झालं" म्हणत कॉइल चालू ठेवतो. (पंख्याने गरम हवा फिरवून शिजवायची कल्पनाही लष्करी विमानांतून आलेली आहे. १९४० च्या दशकात विल्यम मॅक्सन या अमेरिकन माणसाने विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला पंख्याची भट्टी बनवली होती. आजचा एअर फ्रायर मात्र फ्रेड फान डेर वाय या डच संशोधकाचा, फिलिप्सने तो २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणला.)

म्हणून फ्यूज सापडल्यावर मी पंख्याला बोटाने फिरवून बघितलं. भुरकन फिरायला हवा, तो दोन वेटोळी घेऊन अडला. मोटरच्या बुशमधलं वंगण तापून सुकलं होतं आणि त्यावर तेलकट काजळी चढली होती. रूट कॉज हा. फ्यूज फक्त लॉगमधली शेवटची ओळ होता. त्या दिवशी डायरेक्ट केलं असतं तर डबा चालू झाला असता, भेंडीही झाली असती, आणि पंखा पुढच्या वेळी पूर्ण अडल्यावर १५०० वॅटची कॉइल प्लॅस्टिकच्या डब्यात अडवायला कोणी उरलं नसतं.

मोटर आणि फ्यूज दोन्ही बुधवार पेठेत मिळाले. (पुणेकरांना पासोड्या विठोबा म्हटलं की कळेल.) फ्यूजची किंमत दोन कटिंग चहाएवढी. तो घेताना जुन्यावर छापलेलं तापमान आणि अँपियर, दोन्ही तंतोतंत जुळवून घ्या. "हा थोडा जास्तीचा आहे, चालेल" असं दुकानदार म्हणेल. चालत नाही. आणि त्याला डाख देऊ नका. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच आतली गोळी वितळते आणि नवा फ्यूज बसवण्याआधीच मरतो. धातूची छोटी नळी पक्कडीने दाबून जोड करायचा आणि काचधाग्याची नळी परत चढवायची.

ट्रेव्हिथिकच्या प्लगची कथा मात्र इतक्या सरळ मार्गाने गेली नाही. अमेरिकेतल्या नद्यांवर आगबोटींचे बॉयलर फुटून माणसं मरू लागली, तेव्हा १८३० साली सरकारने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला याच्या अभ्यासासाठी पैसे दिले. अमेरिकी सरकारने विज्ञानाच्या प्रयोगांसाठी दिलेला हा पहिल्यावहिल्या अनुदानांपैकी एक. अलेक्झांडर डॅलस बेश याच्या हाताखाली समितीने मुद्दाम बॉयलर तापवून बघितले. तिथे एक भलतीच गोष्ट सापडली. शुद्ध शिशाऐवजी कमी तापमानाला वितळणारे मिश्रधातू वापरले, तर त्यातला लवकर वितळणारा अंश दाबाखाली आधी पाझरून निघून जातो. मागे उरतो तो न वितळणारा. म्हणजे प्लग दिसायला जागेवर असतो, पण वेळेला वितळेलच याची खात्री राहिलेली नसते.

सुरक्षेचा भाग स्वतःच गुपचूप बिघडू शकतो, आणि तो काम करेल की नाही हे न मारता तपासता येत नाही, ही अडचण तेव्हापासूनची. यावर उपाय कंटाळवाणा आहे: ठराविक काळाने प्लग काढायचा आणि नवा घालायचा. अमेरिकेत १८५२ च्या कायद्याने आगबोटींच्या तपासनीसांची रीतसर यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, त्यानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. कुकरच्या पुस्तिकेत व्हॉल्व्ह अधूनमधून बदला असं लिहिलेलं असतं, त्यामागचा धडा फिलाडेल्फियातला आहे.

ट्रेव्हिथिक पुढे पेरूच्या चांदीच्या खाणींत इंजिनं लावायला गेला, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात सापडला आणि कफल्लक होऊन इंग्लंडला परतला. १८३३ साली डार्टफर्डमध्ये वारला तेव्हा अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते. तो ज्या कारखान्यात काम करत होता तिथल्या कामगारांनी वर्गणी काढून त्याला पोचवलं. थडग्यावर दगडही नव्हता.

असो. निक्रोमच्या कॉइलची गोष्ट राहूनच गेली, ती १९०६ सालची आहे आणि तिच्यात टोस्टर येतो. पुढच्या वीकांताला.